चावऱ्या कुत्र्यासाठी टिकाऊ अंथरूण कोणते घ्यावे?

आपल्या अकरा महिन्यांच्या लॅब्रॅडॉरने तीन गाद्या फाडल्या असून आता न फाटणारी गादी कोणती घ्यावी, असे आपण विचारले आहे. न फाटणारी गादी मी तरी अजून पाहिलेली नाही. मात्र फाडायला सुरुवात कुठून करावी हेच कुत्र्याला सापडू नये अशी रचना करता येते, आणि जाडीपेक्षा तीच पाहून पैसे द्यावेत असे माझे मत आहे.

भुसावळला आमच्याकडे असाच एक राजा आहे. त्याच्यासाठी मी ‘चावता येणार नाही’ अशी हमी छापलेली, १६८० डेनिअरच्या कापडाची महागडी गादी मागवली होती. त्याने कापडाला तोंडही लावले नाही. कोपऱ्यातल्या चेनीची पट्टी त्याने पुढच्या बारीक दातांत चिमट्यासारखी धरली, मानेला हिसका दिला आणि दोन टाके उसवल्यावर उरलेले काम पंजाने उरकले. संध्याकाळी घरी आलो तेव्हा पिंजाऱ्याच्या दुकानासारखा सगळीकडे फोमचा चुरा उडत होता. डेनिअर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन. त्यावरून धाग्याची जाडी कळते, शिवण किती पक्की आहे ते कळत नाही. म्हणून चेन, पाइपिंग (शिवणीवर बसवलेली गोल किनार), फुगीर काठ किंवा लोंबते लेबल असलेली गादी, कापड कितीही भारी असले तरी, चावऱ्या कुत्र्यासाठी घेऊ नये.

यावर मला पटलेला उपाय म्हणजे लोखंडी चौकटीची बुटकी खाट. मी ती बाजारात न शोधता वेल्डिंगवाल्याकडून एक इंची चौकोनी पाइपची, जमिनीपासून साधारण अर्धा फूट उंच अशी करून घेतली आणि ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्याकडून जाड पीव्हीसी लेपाचे कापड आणून ते तिच्यावर ताणून बसवले. कापडाचा काठ चौकटीला गुंडाळून खालच्या बाजूला लोखंडी पट्टीखाली दाबला आहे आणि पट्टी नटबोल्टने आवळली आहे, त्यामुळे वर लेटलेल्या कुत्र्याला ना घडी सापडते ना टोक. कापड दोरीने ओवून घेऊ नका, कारण पहिला घास दोरीचाच जाईल. प्लॅस्टिकच्या पाइपची चौकटही नको, ती कुरतडून तिच्या धारदार कपच्या निघतात. खाटेचा आणखी एक फायदा आपल्या भागात विशेष जाणवतो: मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो तेव्हा फोमची गादी तापून राहते, खाटेखालून मात्र वारा खेळतो. खाट सावलीतच ठेवावी, कारण उन्हात लोखंड पोळते.

कोणी जळगावची प्लॅस्टिकची चटई सुचवील. पण तिच्या पट्ट्या सुटून पोटात जातात. जुनी गोधडी टाकणार असाल तर ती डांबर गोळ्या घातलेल्या ट्रंकेतली नसावी, कारण त्या गोळ्या कुत्र्याला विषारी असतात.

खरी भीती गादीच्या किमतीची नाही, गिळलेल्या फोमची आणि धाग्याची आहे. वारंवार उलट्या होणे, अन्न न घेणे, शी न होणे किंवा पोट दुखल्यासारखे वाकून उभे राहणे दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. शीच्या जागेतून किंवा तोंडातून दोरा लोंबत असला तरी तो ओढू नये. दुसरे टोक आत अडकलेले असेल तर ओढल्याने आतडे कापले जाऊ शकते.

कायमचे दात सहा-सात महिन्यांपर्यंत येऊन जातात, तेव्हा अकराव्या महिन्यात ‘दात शिवशिवतात’ हे कारण बहुधा उरत नाही. लॅब्रॅडॉर ही शिकार तोंडात धरून आणण्यासाठी जोपासलेली जात आहे. तिला फिरणे आणि चघळायला काही मिळाले नाही, तर ती गादीच उचलणार. उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वी आणि अंधार पडल्यावर फिरवा, आणि पोकळ, टणक रबरी खेळण्यात दहीभात भरून गोठवून द्या. शिजवलेली हाडे मात्र देऊ नका, ती चिरफळतात. आपण घराबाहेर पडल्यावरच तो फाडत असेल, दार ओरबाडत असेल, लाळ गाळत असेल, तर तो एकटेपणाला घाबरतो आहे, आणि तिथे माझी खाटही उपयोगाची नाही. त्यासाठी पशुवैद्यकाशी बोलावे.

माप घेताना तो आडवा पसरून झोपलेला असताना नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजा आणि त्यात वीतभर वाढवा. डिसेंबरात थंडी वाढली की मी खाटेवर सुती चादरीची घडी टाकतो, पण राजाला झोप लागल्यानंतरच, आणि पहाटे तो उठायच्या आत काढून घेतो.