मोहावी वाळवंटातील दोन भूखंड आणि निवृत्तीचे नऊ लाख

प्रश्न : मी ६४ वर्षांचा असून ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालो आहे. मुलगी सॅन होजेला असते. तिच्या ओळखीतल्या एका विक्रेत्याकडे कॅलिफोर्निया सिटी या गावात पाव-पाव एकराचे दोन भूखंड एकूण ९ लाख रुपयांना मिळत आहेत. ३ लाख आता द्यायचे आणि बाकीचे हप्त्यांनी. शेजारी एडवर्ड्स हा अमेरिकी हवाई दलाचा मोठा तळ आहे. विमानांच्या सोबतीने जमिनीचे भाव कसे चढतात, हे मी ओझरला पाहिले आहे. ठेव मोडून ही खरेदी करावी का?

उत्तर : आपल्या पत्रातील आकड्यांपेक्षा त्यामागचे गृहीतक अधिक तपासण्यासारखे आहे. ओझरला १९६४ साली कारखाना आला, त्यामागोमाग कामगार आले, त्यांच्यासाठी वसाहत झाली आणि त्या वसाहतीच्या गरजांमुळे आसपासच्या जमिनीला गिऱ्हाईक मिळाले. कॅलिफोर्निया सिटीत हा क्रम नेमका उलटा होता.

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला सुमारे दीडशे किलोमीटरवर, समाजशास्त्राचे अध्यापन सोडून जमिनीच्या व्यवसायात उतरलेल्या नॅट मेंडेलसन यांनी १९५८ साली सुमारे ८० हजार एकर वाळवंट घेतले आणि लॉस एंजेलिसशी स्पर्धा करील असे शहर कागदावर आखले. कृत्रिम तळे आणि बाग तयार झाली, मैलोगणिक रस्ते मातीत कोरले गेले आणि घरे बांधण्याआधी भूखंड विकले गेले, तेही बहुतांशी अशा लोकांना, ज्यांचा तेथे राहायला जाण्याचा विचार नव्हता आणि जे आपल्याप्रमाणेच भाव वाढण्याची वाट पाहणार होते. १९६५ साली गावाला नगरपालिका मिळाली. माणसे मात्र आली नाहीत. पुढे प्रकल्प दुसऱ्या कंपनीच्या हाती गेला आणि १९७० च्या दशकात विक्रीच्या पद्धतींवर फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने कारवाई केल्यानंतर कंपनीला अनेक खरेदीदारांचे पैसे परत करावे लागले.

आज या गावाचे क्षेत्रफळ सुमारे ५२६ चौरस किलोमीटर, म्हणजे नाशिक महापालिकेच्या जवळपास दुप्पट आहे. २०२० च्या जनगणनेत तेथे १४,९७३ लोक मोजले गेले. २०११ साली नाशिकची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती, तिचा हा शंभरावा हिस्सा. त्या आकड्यात गावच्या तुरुंगातले कैदीही धरलेले आहेत, हे जाता जाता सांगतो.

मग हवाईतळाचे काय? एडवर्ड्स काही लहानसहान तळ नव्हे. १९४७ साली वैमानिक चक येगर यांनी ध्वनीचा वेग ओलांडला तो याच आकाशात, आणि तळावरचे बरेच कर्मचारी आजही कॅलिफोर्निया सिटीत राहतात. परंतु त्यांच्यापुढे तळावरची निवासस्थाने तसेच लँकेस्टर आणि पामडेलसारखी सोयीची गावे हे पर्याय आहेत, आणि ज्यांना कॅलिफोर्निया सिटीतच राहायचे आहे त्यांना वस्तीत, पाणी-वीज असलेल्या रस्त्यावर तयार घर मिळते. आपल्याला देऊ केलेले भूखंड बहुधा त्या वस्तीपासून कित्येक किलोमीटर दूर, फक्त नकाशावर रस्ता असलेल्या भागात असावेत. इतक्या कमी किमतीचे दुसरे कारण मला दिसत नाही. आसपास तसेच हजारो भूखंड रिकामे असताना तळ कितीही वाढला तरी आपल्याच तुकड्याकडे कोणी का वळावे, याचे उत्तर आपल्या पत्रात नाही.

बांधकाम करायचे म्हटले तरी खर्च वाढतच जातो. हा वाळवंटी कासवांचा प्रदेश आहे आणि ती कायद्याने संरक्षित आहेत. भूखंडावर जोशुआची (या वाळवंटातली) झाडे असतील, तर २०२३ च्या राज्य कायद्यानुसार ती काढण्यासाठी परवाना आणि शुल्क लागते. काही बांधले नाही तरी दरवर्षी मालमत्ता कर येतोच, आणि तो पाच वर्षे थकला तर काउंटी, म्हणजे तिथले जिल्हा प्रशासन, जमीन लिलावात काढू शकते.

हप्त्यांच्या कराराबद्दल विशेष सावध राहावे. अशा करारात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी बहुधा विक्रेत्याकडेच राहते आणि हप्ता चुकल्यास भरलेले पैसे बुडण्याची शक्यता असते. हप्ते नकोत, या बाबतीत मी तडजोड सुचवणार नाही.

आपल्या बाजूचे नियमही पाहावेत. परदेशी रक्कम पाठवण्यावरचा टीसीएस (बँक पैसे पाठवतानाच गोळा करते तो कर) वर्षाला १० लाखांच्या वर लागत असल्याने तो अडसर नाही. मात्र भूखंड आपल्या नावावर आला की दरवर्षी विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात त्याची नोंद करावी लागेल. ती राहिल्यास काळ्या पैशाविषयीच्या २०१५ च्या कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो, आणि छोट्या परदेशी मालमत्तांना मिळालेली २० लाखांची सवलत स्थावर मालमत्तेला लागू नाही. विकताना आपण अमेरिकेत अनिवासी ठरत असल्याने सर्वसाधारणपणे विक्रीकिमतीच्या १५ टक्के रक्कम, नफा झालेला असो वा नसो, करापोटी आधीच कापून ठेवली जाते आणि ती परत मिळवण्यासाठी तिथले विवरणपत्र भरावे लागते. ९ लाखांच्या मालमत्तेसाठी हा व्याप आणि सल्लागारांचे शुल्क मला परवडणारे वाटत नाही.

याउलट हेच ९ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले, तर तिमाहीला १८,४५० रुपये हातात येतात. निवृत्तीनंतरच्या खर्चात ही भर आपल्याला जाणवण्याइतकी आहे. म्हणून ठेव मोडून ही खरेदी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलीला त्या जागेचे खरोखर आकर्षण असेल, तर तिने भूखंडाचा क्रमांक घेऊन कर्न काउंटीच्या कर कार्यालयात थकबाकी तपासावी, एका शनिवारी गाडीने जाऊन जागा पाहून यावी आणि घ्यायचीच झाली तर स्वतःच्या पैशातून, स्वतःच्या नावावर, पूर्ण रक्कम देऊन घ्यावी.