दर डिसेंबरला महिनाभर घरी? आधी शाळेचं कॅलेंडर बघा

एप्रिलमध्ये तुम्ही चौघं स्टुटगार्टजवळ ब्योब्लिंगनला येताय. मुलगी सात वर्षांची, मुलगा तीन. कोल्हापूरला आई-बाबांना सांगून ठेवलंय की दर नाताळच्या सुट्टीत महिनाभर घरी येऊ, आणि आता विचारताय की हे जमतं का. महिनाभर नाही जमत. पंधरवडा जमतो, एखाद्या वर्षी दोन-तीन दिवस वर. तोही दरवर्षी जमवायचा हट्ट धरलात तर खिशाला झेपत नाही आणि मुलांनाही. आई-बाबांशी हे आत्ताच बोला. निघायच्या गडबडीत असला विषय काढायला नको वाटतो, पण नोव्हेंबरात फोनवर सांगण्यापेक्षा आत्ता समोर बसून सांगितलेलं बरं.

अडचण ऑफिसची नसते. पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने वर्षाला किमान २० दिवस रजा मिळते आणि इथल्या इंजिनीअरिंगच्या नोकऱ्यांत बहुतेकदा ३०. नाताळात अर्धं ऑफिस रिकामंच असतं, साहेब हसत रजा देतो. अडवते ती शाळा. आपल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात नाताळची सुट्टी २२-२३ डिसेंबरच्या सुमारास लागते आणि जानेवारीच्या ५ ते ९ तारखेच्या दरम्यान संपते. प्रत्येक राज्याचं वेळापत्रक वेगळं, पण तारखा कित्येक वर्षं आधी जाहीर झालेल्या असतात, त्यामुळे पुढच्या तीन हिवाळ्यांचा हिशेब तुम्ही आज रात्रीच मांडू शकता.

'दोन दिवस आधी निघू, कोण बघतंय' हा विचार मात्र डोक्यातून काढून टाका. आपल्याकडे वर्गशिक्षिकेला चिठ्ठी दिली की आठवडाभराची सुट्टी पदरात पडते. इथे शाळेत हजर राहणं कायद्याने सक्तीचं आहे. जवळच्या नात्यातलं लग्न किंवा मृत्यू अशा कारणांसाठी मुख्याध्यापक परवानगी देतात. विमानाचं तिकीट दोन दिवस आधी स्वस्त आहे, हे कारण चालत नाही. २०१८ साली शेजारच्या बव्हेरियात सुट्टी लागण्याच्या तोंडावर मेमिंगन आणि न्युर्नबर्ग विमानतळांवर पोलिसांनी शाळकरी मुलांसह निघालेल्या कुटुंबांची चौकशी केली होती, त्याची देशभर चर्चा झाली. सुट्टीला लागून मूल आजारी पडलं तर शाळा डॉक्टरचा दाखला मागू शकते. तुमचा धाकटा किटामध्ये, म्हणजे बालवाडीत जाईल. त्याला यातलं काही लागू नाही. ज्यांची सगळीच मुलं त्या वयाची आहेत त्यांनी नाताळात जाऊच नये, फेब्रुवारीत जावं. विमानं अर्ध्या भाड्यात मिळतात आणि घरचे तितकेच खूश होतात. तुमची ती वेळ गेली.

पहिल्या हिवाळ्यात तर जाऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. एक तर पैसे. घराची अनामत रक्कम तीन महिन्यांच्या भाड्याइतकी मागितली जाते, आणि बऱ्याच घरांत स्वयंपाकघराच्या जागी नुसत्या भिंती आणि नळाची तोटी असते; ओटा, शेगडी, कपाटं सगळं आपलं आपण. दुसरं म्हणजे कागद. तुम्ही नॅशनल व्हिसावर याल, त्याची मुदत संपायच्या आत परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून निवास परवान्याचं कार्ड मिळवायचं, चौघांची चार. अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, कार्ड छापून यायला आणखी काही आठवडे. मधल्या काळासाठी 'फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग' नावाचा एक घडीचा कागद देतात. त्यावर निवासी कायद्याच्या कलम ८१ चा कोणता परिच्छेद लिहिलाय ते नीट बघा. परिच्छेद ४ असेल तर भारतात जाऊन परत येता येतं. परिच्छेद ३ असेल तर जर्मनीबाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि ४ असला तरी ॲमस्टरडॅम, पॅरिस किंवा झुरिकमार्गे तिकीट काढू नका. थेट फ्रँकफर्ट-म्युनिकला उतरणारं विमान घ्या. विमानतळावरच्या काउंटरवरच्या मुलीने हा कागद आयुष्यात पाहिलेला नसतो, तीन वाजता रात्री तिला जर्मन कायदा समजावत बसायची वेळ येऊ नये.

त्या पहिल्या डिसेंबरात इथेच राहा. स्टुटगार्टचा नाताळबाजार २३ तारखेपर्यंत असतो. २४ ला दुपारी दुकानं बंद होतात, २५ आणि २६ ला पूर्ण बंद, त्यामुळे दूध, ब्रेड, कांदे-बटाटे आधीच भरून ठेवा. साडेचारला अंधार पडतो आणि सकाळी आठनंतर उजाडतं. घरात कोंडून राहिलात तर ते दिवस खायला उठतात. म्हणून नातेवाईक शोधा. थट्टा नाही करत. आपल्या प्रत्येकाचा कोणीतरी मामेभाऊ किंवा आतेबहीण आता नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला, झुरिकला नाहीतर म्युनिकला असते. आमचे कित्येक नाताळ आइंडहोवनला मामेबहिणीकडे गेलेत. गाडीने पाचेक तास, दोन घरांची मुलं एका खोलीत, पिठलं-भाकरी आणि ओलीबोलन, म्हणजे डच लोकांचे तळलेले गोड गोळे, एकाच ताटात. निवास परवान्याचं कार्ड हातात असेल तर शेंगेन देशांत, म्हणजे सामायिक व्हिसा असलेल्या युरोपातल्या देशांत, वेगळा व्हिसा लागत नाही. लंडनच्या काकांकडे जायचं तर लागतो.

दुसऱ्या वर्षी भारतात जाल तेव्हा तिकिटं उन्हाळ्यातच बघायला लागा. फ्रँकफर्ट आणि म्युनिकहून मुंबईला थेट विमान आहे, आठेक तास. दुबई-दोहामार्गे स्वस्त पडतं, पण दोन लहान मुलांना झोपेतून उठवून मध्येच उतरवायचं, याची किंमत तुमची तुम्ही ठरवा. बारा वर्षांखालच्या मुलांना सवलत असते ती नावापुरती. चार जणांची चार तिकिटं धरूनच चला. स्टुटगार्टहून फ्रँकफर्टला रेल्वेने सव्वा-दीड तास लागतो, पण बर्फाच्या दिवसांत इथल्या रेल्वेवर भिस्त ठेवून कोणी चहासुद्धा टाकू नये. निदान दोन गाड्या आधीची पकडा. जर्मनीतला आरोग्य विमा भारतात चालत नाही, तेव्हा वर्षभराचा प्रवासी आरोग्य विमा काढून ठेवा. माणशी फार पैसे लागत नाहीत, आणि धुळीने, थंडीने, पाण्याने मुलांपैकी एक तरी आडवं होतंच.

आता खरी कसरत: तिथे पोहोचल्यावर राहायचं कुठे. माझं सासर सांगली, माहेर नाशिक. मध्ये पुण्यात नणंद, ठाण्यात काका, आणि कुलदैवत जोतिबा. हे सगळं पंधरा दिवसांत बसवायचं म्हटलं तर मुलांना फक्त गाडीची मागची सीट आठवते. प्रत्येक घरी पोहे, प्रत्येक घरी 'एवढ्यात निघालात?', आणि आजी-आजोबांच्या वाट्याला मोजून चार दुपारी. म्हणून आता आमचा नियम आहे: एका वर्षी एकच घर. त्या वर्षी सांगली असेल तर माझे आई-बाबा सांगलीला येऊन राहतात, पुढच्या वर्षी नाशिक असेल तर सासू-सासरे तिकडे. बाकीच्यांसाठी एक दिवस ठरवायचा, सगळ्यांना जेवायला बोलवायचं. पहिल्या वर्षी दोन्हीकडे थोडे रुसवे-फुगवे झाले. चुलत सासूबाई अजून ऐकवतात, ऐकून घेते. तुमचं घर कोल्हापूर, वहिनींचं माहेर कुठे आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण ही वाटणी निघायच्या आधी त्यांच्याशी बसून करा. नवऱ्याने एकट्याने ठरवलेली वाटणी पहिल्याच वर्षी मोडते.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. आपल्या मुलांना सुट्टी असते तेव्हा तिथल्या भावंडांना नसते. बऱ्याच शाळा नाताळला एखादा दिवस बंद असतात, फार तर आठवडा. मग स्नेहसंमेलनाच्या तालमी, आणि दहावी-बारावीवाल्यांच्या सराव परीक्षा डोक्यावर. दिवाळीत किंवा मे महिन्यात जसं घर मुलांनी भरतं तसं डिसेंबरात भरत नाही. मग मुलं आजोबांबरोबर फिरतात, आणि खरं सांगायचं तर तेच छान होतं. गुऱ्हाळं चालू असतात, गरम काकवी मिळते. हुरडा डिसेंबरअखेरीला सुरू होतो. धुंधुरमासातली पहाटेची बाजरीची भाकरी, लोणी आणि मुगाची खिचडी माझ्या मुलीला इतकी आवडली की ती इथे नाश्त्याला मागते. संक्रांत मात्र दरवर्षी हुकते. १४ जानेवारीला मुलं इथे शाळेत असतात. आमच्या सासूबाई तिळगुळाचा डबा आधीच बांधून देतात. वेळेचा फरक हिवाळ्यात साडेचार तासांचा: जाताना मुलं मध्यरात्रीपर्यंत जागी, येताना पहाटे चारला टक्क. परत आल्यावर शाळा सुरू व्हायच्या आधी दोन दिवस हातात ठेवा.

बॅगा भरताना आईचं मन मोडावं लागतं. युरोपियन संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. तूप, पेढे, कुंदा, खवापोळी, सगळं त्यात आलं. ताजा कढीपत्ताही नाही. गंमत म्हणजे मासळी चालते, त्यामुळे सोडे आणि सुकट बिनधास्त आणा, मात्र तीन पिशव्यांत गुंडाळून, नाहीतर विमानातले सहप्रवासी आयुष्यभर लक्षात ठेवतील. मसाले, चकली, शेंगदाण्याची चटणी, लोणचं यांना हरकत नसते. भारतात घेतलेल्या किंवा भेट मिळालेल्या वस्तूंवर विमानाने येणाऱ्या माणशी ४३० युरोपर्यंत कर लागत नाही, पंधरा वर्षांखालच्या मुलांना १७५. आजीने नातीच्या गळ्यात घातलेली चेनही त्यात मोजली जाते. इथून जाताना अंगावर असलेल्या दागिन्यांच्या पावत्या किंवा फोटो फोनमध्ये ठेवा, म्हणजे परत येताना वाद होत नाही.

तर मग आई-बाबांना शब्द काय द्यायचा? मी तुमच्या जागी असते तर उन्हाळ्याचा दिला असता. आपल्या राज्यातली उन्हाळी सुट्टी जुलैअखेर ते सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, सहा आठवड्यांहून जास्त. जर्मनीतली इतर राज्यं या तारखा दरवर्षी पुढे-मागे करतात, बाडेन-वुर्टेमबर्ग आणि बव्हेरिया करत नाहीत. त्यामुळे ज्या वर्षी गणपतीच्या आधी अधिक मास येतो ती वर्षं सोडली तर गणपती बहुतेकदा सुट्टीत येतात. कोल्हापूरचा पाऊस मुलांना भिजवेल, पण रजा आणि शाळा दोन्ही सांभाळून तुमचा महिना त्यात बसतो. आणि एक वर्षाआड त्यांना इकडे बोलवा, मे-जूनमध्ये. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. किमान ३०,००० युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो, आणि खर्चाची हमी तुम्ही घेणार असाल तर इथल्या कार्यालयातून हमीपत्र करून पाठवावं लागतं. बाबांना बर्फ बघायचाय म्हणून डिसेंबरात बोलवू नका. सत्तरीच्या माणसाला बर्फावर चालवण्यापेक्षा ब्लॅक फॉरेस्टमध्ये जूनच्या उन्हात बाकावर बसवलेलं बरं, आणि गुडघ्याचं दुखणंही तेव्हा कमी असतं.

हमीपत्राला पगाराच्या स्लिपा लागतात, म्हणजे पहिल्याच उन्हाळ्यात जमेल असं नाही. दुसऱ्या वर्षीच्या मेसाठी त्या जानेवारीतच कार्यालयात अपॉइंटमेंट मागून ठेवा.