जुन्या चित्रांतलं व्यसन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : चीनमधल्या अफूबाजांचे एकोणिसाव्या शतकातले फोटो नेहमी पाहण्यात येतात. ते खऱ्या अड्ड्यावरचे की स्टुडिओतले, हे कसं ओळखायचं?

उत्तर : त्यातले बरेचसे स्टुडिओतले आहेत. आधी उजेड बघा. त्या काळी फोटो ओल्या रसायनाचा थर दिलेल्या काचेच्या प्लेटवर काढत, आणि तिला चांगल्या उजेडातही काही सेकंद लागत. अंधाऱ्या अड्ड्यात तेवढ्या वेळात काहीच उमटलं नसतं. मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर आली १८८७ साली. तिच्याच जोरावर पत्रकार जेकब रीसने न्यूयॉर्कच्या काळोख्या खोल्यांत फोटो काढले. तेव्हा १८७०च्या सुमाराच्या फोटोत सगळीकडे मऊ, सारखा उजेड दिसला तर स्टुडिओचाच संशय घ्यावा.

मग नळी बघा. चंडू, म्हणजे ओढण्यासाठी तयार केलेली अफू, तंबाखूसारखा पेटवत नाहीत. वाटाण्याएवढी गोळी सळईच्या टोकावर घेऊन दिव्यावर शेकायची, नळीवरच्या बोंडाच्या बारीक छिद्रावर बसवायची, आणि बोंड ज्योतीवर कलतं धरून वाफ ओढायची. अफू जळली तर वाया जाते. हात स्थिर राहावा म्हणून ओढणारा कुशीवर आडवा होतो. फोटोत दिवाच नसेल, किंवा बोंड दिव्यापासून हातभर लांब असेल, तर कॅमेऱ्यासाठी मांडलेला देखावा समजा. मात्र दिवा आणि नळी बरोबर आहेत एवढ्यावरून फोटो अड्ड्यावरचा ठरत नाही. खरं साहित्य स्टुडिओतही मांडता येतं. फोटोखालच्या छापील ओळीवर तर मुळीच विसंबू नका.

प्रश्न : भारतीय चित्रकलेत व्यसनी माणसाचं चित्र आहे का?

उत्तर : आहे, आणि आमच्या मते त्याला तोड नाही. १६१८ साली जहांगीरचा दरबारी इनायत खान अफू आणि दारूने पार खंगला होता. आग्र्याला जायची परवानगी मागायला त्याला पालखीतून आणलं, तेव्हा बादशहा चकित झाला. त्याने प्रवासाला २००० रुपये दिले आणि चित्रकारांना त्याची छबी काढायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी इनायत खान वारला. रेखाटन बोस्टनच्या संग्रहालयात आहे, रंगीत चित्र ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात. शक्य असेल तर रेखाटन मोठं करून पाहा : गुबगुबीत लोड, त्यांना टेकलेला काटकुळा देह, उघड्या छातीवर मोजता येतील अशा बरगड्या. उपदेशाचा लवलेश नाही. ज्याने हे काढवून घेतलं तो जहांगीर स्वतः तरुणपणी दिवसाला २० पेले कडक दारू पीत असे, हे त्याच्याच आठवणींत लिहिलेलं आहे.

प्रश्न : इंग्रज चित्रकार होगार्थचं ‘जिन लेन’ हे दारूबंदीच्या प्रचाराचं चित्र म्हणावं का?

उत्तर : नाही. ते १७५१ साली ‘बिअर स्ट्रीट’ या जोडचित्रासोबत निघालं. प्रत्येकी किंमत एक शिलिंग. ‘जिन लेन’मध्ये तपकिरीची चिमूट घेण्यात गुंग झालेल्या आईच्या हातून मूल खाली पडतंय. दुसऱ्यात बिअर पिणारे धष्टपुष्ट आणि कामधंद्याला लागलेले. होगार्थचा रोख सगळ्या दारूवर नव्हे, तर स्वस्त जिन या कडक दारूवर होता, आणि तिच्या विक्रीला लगाम घालणारा कायदा लंडनमध्ये त्याच वर्षी झाला. पुस्तकांत बहुतेक वेळा एकटं ‘जिन लेन’ छापतात, तिथेच घोटाळा होतो.