जे-1 व्हिसावर आलात? आधी फॉर्म बरोबर निवडा

फेब्रुवारी उजाडला की जे-1 (देवाणघेवाण कार्यक्रमाचा व्हिसा) वर अमेरिकेत आलेल्या आपल्या संशोधकांचे तिथल्या आयकर रिटर्नबद्दल हेच प्रश्न येतात.

प्र. नवरा जे-1 वर संशोधक. मी आणि दीड वर्षाची मुलगी जे-2 (कुटुंबीयांचा व्हिसा) वर. आमची कमाई शून्य. तरी काही भरायचं?

उ. हो. फॉर्म 8843 (इथले दिवस निवासी ठरवताना मोजू नका, हे सांगणारा), दोघींचा वेगवेगळा, 15 जूनपर्यंत. मुलीच्या फॉर्मवर सही तुम्ही करा.

प्र. बँकेतल्या ठेवीच्या व्याजावर कर लागतो?

उ. करासाठी अनिवासी असाल तर नाही.

प्र. मी डिसेंबर 2024 मध्ये पहिल्यांदाच आलो. लॅबमधल्या मित्राने ऑनलाइन सॉफ्टवेअरवर दहा मिनिटांत रिटर्न भरलं, रिफंडही घसघशीत आला. मीही तसंच भरू?

उ. मुळीच नको. दर वर्षी याच चुकीपायी माणसं अडकताना बघतो. 'जास्तीत जास्त रिफंड' अशी जाहिरात करणारी बरीच सॉफ्टवेअर फक्त 1040 भरतात, आणि तो निवासींचा फॉर्म. तुमचा 1040-एनआर, म्हणजे अनिवासींचा. करासाठी निवासी की अनिवासी हे अमेरिकेत राहिलेले दिवस मोजून ठरतं, आणि संशोधकाची पहिली दोन कॅलेंडर वर्षं त्या मोजणीत धरत नाहीत. 28 डिसेंबरला उतरलात तरी 2024 हे अख्खं वर्ष गेलं, 2025 दुसरं. दिवस मोजायला सुरुवात 2026 पासून. मित्राचा रिफंड फुगला असेल तो स्टँडर्ड डिडक्शनमुळे (उत्पन्नातून मिळणारी ठरावीक वजावट). 2024 साठी ती वजावट 14,600 डॉलर होती. अनिवासींपैकी ती भारतीय विद्यार्थ्यांना मिळते, भारत-अमेरिका कर करारातल्या कलम 21 मुळे, संशोधकाला नाही. खात्यात पैसे आले म्हणजे रिटर्न बरोबर होतं असं नाही. ते व्याजासकट परत जातात, आणि खाली सही तुमची असते. मित्राला म्हणावं, नोटीस यायची वाट बघू नकोस, 1040-एक्स (दुरुस्तीचं रिटर्न) भर. पूर्वी एफ (विद्यार्थी) किंवा जे व्हिसावर येऊन गेला असाल, तर हिशोब बदलतो. जाणकाराला कागद दाखवा.

प्र. डब्ल्यू-2 (मालकाकडून मिळणारा वर्षभराच्या पगार-कपातीचा फॉर्म) च्या खाना 4 आणि 6 मध्ये रकमा दिसतात. ठीक आहे ना?

उ. नाही. सोशल सिक्युरिटीचे 6.2 आणि मेडिकेअरचे 1.45 टक्के अनिवासी जे-1 च्या पगारातून कापायचे नसतात. आजच पेरोलला लिहा. त्यांनी हात वर केले तर फॉर्म 843 आणि 8316 भरून कर खात्याकडे परतावा मागा.

प्र. करारामुळे दोन वर्षं पगार करमुक्त, मग रिटर्न कशाला? आणि राज्याचा कर?

उ. माफी रिटर्नमध्येच मागायची असते. कलम 22 ची दोन वर्षं पहिल्यांदा आल्याच्या तारखेपासून मोजतात, वरच्या कॅलेंडर वर्षांशी गल्लत नको. कॅलिफोर्निया हा करार मानत नाही; टेक्सासात पगारावर राज्याचा कर नाही. मुक्काम दोन वर्षांपुढे वाढवणार असाल, तर मुदतवाढीआधी कर सल्लागाराला भेटा.