कॅरीला येताय, तर लेकीच्या प्रश्नाचं उत्तर

ताई, ऑगस्टमध्ये पुण्याहून अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या कॅरीला येताय आणि बास्केटबॉल खेळणाऱ्या लेकीनं विचारलंय की कॉलेज बास्केटबॉलमध्ये इथल्या ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना (थोडक्यात कॅरोलायना) या दोन विद्यापीठांत खरं मोठं कोण, आणि मग सगळे लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचं नाव का घेतात. घर, शाळा, गाडी यांबद्दल इतर सांगतीलच. मी चौदा वर्षं इथे सामने बघतोय, म्हणून हे मी सांगतो.

नुसती विजेतेपदं मोजू नका. २०२५ पर्यंत पुरुषांच्या एनसीएए स्पर्धेत, म्हणजे कॉलेज संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, यूसीएलएची ११, केंटकीची ८, नॉर्थ कॅरोलायना आणि युकॉनची (कनेक्टिकट विद्यापीठ) सहा-सहा, ड्यूकची ५. पण यूसीएलएच्या ११ पैकी १० एकट्या प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या हाताखालची, १९६४ ते १९७५ मधली. त्यानंतर फक्त एक, १९९५ चं. शिवाय १९६४ मध्ये त्यांना चार सामने जिंकून चषक मिळाला. १९८५ मध्ये स्पर्धा ६४ संघांची झाली, पुढे आणखी वाढली, आणि तेव्हापासून ओळीनं किमान सहा जिंकावे लागतात. एक हरलात की बॅग भरायची.

माझ्या लेखी खरी परीक्षा म्हणजे प्रशिक्षक गेल्यावर काय उरतं. मुंबईचा रणजी संघ आठवा. कॅप्टन बदलले, पिढ्या बदलल्या, तरी ४२ वेळा करंडक आला, कारण खाली मैदानं आणि क्लब होते. केंटकीची आठ विजेतेपदं पाच वेगवेगळ्या प्रशिक्षकांची आहेत. कॅरोलायनाची सहा तिघांची: १९५७ मध्ये मॅग्वायर, मग डीन स्मिथ दोनदा, रॉय विल्यम्स तीनदा. युकॉनचंही तसंच, १९९९ ते २०२४ मध्ये तिघांनी मिळून सहा. इंडियानाची मात्र पाच असूनही १९८७ नंतर पाटी कोरी.

ड्यूकची पाचही विजेतेपदं ‘कोच के’ म्हणजे प्रशिक्षक माइक शशेव्स्की यांची. ते २०२२ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या जॉन शायर यांनी २०२५ मध्ये संघ फायनल फोरला, म्हणजे शेवटच्या चार संघांत, नेला, म्हणजे सुरुवात दमदार आहे, पण परीक्षा अजून चालू आहे. म्हणून माझं मत कॅरोलायनाला. ऑफिसात हे जरा जपून बोला! दोन्ही विद्यापीठांत जेमतेम १६ किलोमीटर अंतर आहे आणि दोघांचाही रंग निळा, त्यामुळे एकाच घरात दोन्ही निळे सापडतात. ड्यूकचे विद्यार्थी कॅरोलायनाविरुद्धच्या एका सामन्यासाठी कित्येक आठवडे तंबू ठोकून राहतात, कारण कॅमेरॉन इनडोअर या त्यांच्या स्टेडियममध्ये जागाच ९,३१४.

शेजारी लाल टीशर्टवाले दिसले तर ते एनसी स्टेट या इथल्याच तिसऱ्या विद्यापीठाचे. विजेतेपदं दोनच, पण १९८३ चा ५४-५२ असा शेवटच्या क्षणी जिंकलेला अंतिम सामना ते अजून चेंडू-चेंडू सांगतात. शांतपणे ऐका, ओळख तिथूनच होते.

आणि लेकीला सांगा, महिलांमध्ये युकॉनची १२ विजेतेपदं आहेत, सगळी प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांच्या काळातली. सीझन नोव्हेंबरात सुरू होतो. सामान लागलं की कळवा, कॅरोलायनाच्या गावी, चॅपल हिलला, महिलांच्या सामन्याला तिला आपण घेऊन जाऊ.