वाचकांचे प्रश्न: शिंपल्यात वाढणारा मासा

प्रश्न : जर्मनीतल्या घराच्या बागेत तळं आहे. त्यात बिटरलिंगच्या तीन जोड्या आणि दुकानातून आणलेले दोन शिंपले सोडले. दोन उन्हाळे गेले, पण पिल्लं नाहीत. काय चुकलं?

उत्तर : मासे नव्हे, आधी शिंपले तपासा. बिटरलिंग हा आपल्या रोहू-कटल्याच्या गोतातला, जेमतेम ५ ते ८ सेंटिमीटरचा मासा. वसंतात पाणी कोमट झालं की नराचा गळा-पोट लालसर होतं आणि मादीच्या पोटाखाली लांब नळी लोंबू लागते. शिंपला ज्या छिद्रातून पाणी बाहेर टाकतो, त्यात ती नळी क्षणभर खुपसून मादी दोन-तीन अंडी थेट त्याच्या कल्ल्यांत सोडते. नर मात्र पाणी आत घेणाऱ्या छिद्रावर शुक्रद्रव सोडतो आणि शिंपलाच ते अंड्यांपर्यंत ओढून नेतो. पिल्लं साधारण महिनाभर आत राहतात आणि सेंटिमीटरभर झाली की बाहेर पडतात.

शिंपला बोटानं हळूच डिवचा. झडपा मिटल्या नाहीत तर तो मेलेला आहे. लगेच काढा, नाहीतर पाणी नासेल. तळं फार स्वच्छ ठेवलं की शिंपले उपाशी मरतात, कारण ते पाण्यातलं शेवाळ गाळून खातात. पाणी किंचित हिरवट असू द्या. तळाशी १० सेंटिमीटर बारीक वाळू घाला. टोकदार खडीत त्यांना रुतून बसता येत नाही.

शिंपला जिवंत असेल तर त्याची जात पाहा. बागसामानाच्या दुकानांत चिनी तळशिंपलाही विकला जातो. तो गोलसर, फुगीर असतो आणि मोठा झाला की हाताच्या पंजाएवढा होतो. युरोपी बिटरलिंगची अंडी तो लवकरच बाहेर फेकतो. तुम्हाला लांबट, स्थानिक ‘चित्रकाराचा शिंपला’ हवा (पूर्वी चित्रकार त्याच्या कवचात रंग कालवत, म्हणून हे नाव). नदीतून मात्र उचलू नका. परवानगी घेऊन पैदास करणाऱ्याकडूनच घ्या. चिनी शिंपला ओढ्यात फेकणं तर सगळ्यात वाईट.

प्रश्न : यात शिंपल्याचा काय फायदा?

उत्तर : युरोपी शिंपल्याचा जवळजवळ काहीच नाही. कल्ल्यांत पिल्लं दाटली की पाण्याची वाट अडते आणि प्राणवायूतही वाटेकरी येतात. शिंपल्यांची स्वतःची पिल्लंही माशांच्या अंगाला चिकटून वाढतात, पण बिटरलिंगवर ती फारशी टिकत नाहीत. चिनी शिंपल्याची मात्र टिकतात, म्हणजे तिथे फुकटा पाहुणा उलट माशाच्या अंगावर!

प्रश्न : या माशावरून गर्भचाचणी करत, हे खरं?

उत्तर : १९३०च्या दशकात तसा प्रयत्न झाला. स्त्रीची लघवी पाण्यात घालून मादीची नळी लांबते का, ते पाहत. पण ती पुरुषाच्या लघवीनंही लांबते, असं दिसलं आणि चाचणी मागे पडली.