पावसाळ्यात मेळघाटातल्या धारणीला पंधरा दिवसांची प्रतिनियुक्ती आहे. कसं जाऊ, सोबत काय नेऊ?

अमरावतीहून सकाळचीच एसटी धरा आणि लागणारं सगळं परतवाड्यात घेऊन ठेवा. मी मेळघाटात परिचारिका म्हणून काम केलंय. परतवाड्यापुढे सेमाडोह, हरिसालमार्गे घाटाचा, जंगलाचा रस्ता आहे. झाड आडवं पडलं की गाडी खोळंबते आणि मधे मोबाईलला रेंज नसते, म्हणून निघतानाच घरी कळवा. मच्छरदाणी, टॉर्च, रोख पैसे आणि कार्यमुक्तीच्या आदेशाच्या दोन प्रती हव्यातच. तिकिटं जपा, प्रवासभत्त्याच्या बिलाला लागतात. पोचल्यावर गावातल्या आशा सेविकांकडून ‘कुठे दुखतंय’, ‘ताप आहे का’ एवढं तरी कोरकूत, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या भाषेत, शिकून घ्या. बाळंतिणी मोकळेपणानं सांगायला लागतात. खानदेशातून येत असाल तर मात्र अमरावतीला वळसा नको, बऱ्हाणपूरमार्गे या.